राऊची चिठ्ठी आणि ‘आँखें’

इंदूरहून महूकडे निघालं की वाटेत राऊ लागतं. 1 जुलै 1857 रोजी महूच्या छावणीतून कॅप्टन हंगरफोर्डचा तोफखाना इंदूरच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या मदतीला दौडत निघाला, तो राऊपर्यंत आला आणि थबकला. समोरून आलेल्या स्वाराजवळ रेसिडेन्सीतल्या कर्नल ट्रॅव्हर्सची चिठ्ठी होती, शिसपेन्सिलीनं खरडलेली: आम्ही सिमरोलच्या बाजूनं माघार घेत आहोत. राऊहून सिमरोलला तोफा नेण्याजोगा रस्ता नव्हता. तोफखाना आल्या वाटेनं परतला. त्याच रात्री महूची पलटण उठली आणि कर्नल प्लॅट मारला गेला.

चिठ्ठीतली बातमी खरी होती. सकाळी रेसिडेन्सीतून तिथला ब्रिटिश प्रतिनिधी ड्युरँड यानं महूला धाडलेला निरोप मात्र अर्धाच खरा होता. होळकरांनी हल्ला केला आहे, असं त्यानं कळवलं होतं. हल्लेखोरांत होळकरांचे शिपाई होते आणि सआदत खान त्यांच्या पुढे होता. पण इंदूरचे राजे, 22 वर्षांचे तुकोजीराव होळकर यांनी तसा हुकूम दिल्याचं सिद्ध झालं नाही. ड्युरँडच्या मनातला संशय तरीही गेला नाही. त्या एका ओळीचा डाग तुकोजीरावांना पुढे फार वर्षं बाळगावा लागला.

बातमी कोण देतो आणि ती कुणाला खरी वाटते, याच कसोटीवर रामानंद सागर यांचा ‘आँखें’ (1968) हा हेरपट पुन्हा पाहावा. बैरूतमधला भाग आता शिळा वाटतो. धर्मेंद्रचा सुनील संकटांतून फार सहज सुटतो. जीवनचा डॉक्टर एक्स तर दिसताक्षणी खलनायक वाटतो. त्याच्यावर कोण भरवसा ठेवील?

सिनेमा टिकला आहे तो सुनीलच्या, म्हणजे मेहरांच्या घरात. ललिता पवारांची हेर तिथे नात्यातली वडीलधारी बाई बनून राहते. 1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेची कामं सुटली आणि खाष्ट सासूच्या भूमिका वाट्याला आल्या. घरातली बाई कशी वावरते, दाराआड कुठे थांबते, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं; त्यामुळे इथे भीती वाटायला पिस्तूल लागत नाही. मुलाला पळवून नेल्यावर सुनीलच्या बहिणीलाच घरातली बातमी शत्रूला पुरवावी लागते. ती फितूर नाही, आई आहे, आणि हा पेच आजही तितकाच बोचतो.

सागर यांना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं. घरातल्या या प्रसंगांपुरतं ते आजही रास्त वाटतं. परदेशातली नाचगाणी वगळली तरी कथेचं काही अडत नाही.