छातीतील सावलीचा मागोवा

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्ट्सबर्ग येथे विल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाच्या छातीत शस्त्राविना डोकावण्याची वाट खुली झाली. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच लाभले.

क्ष-किरणचित्रात मात्र एक मूलभूत उणीव होती. हृदय, बरगड्या, कणा, फुप्फुसे यांच्या सावल्या एकाच फिल्मवर एकमेकींवर पडत. बाजूने घेतलेले दुसरे चित्र जोडीला ठेवले, तर गाठ पुढे आहे की मागे, एवढे उमगे. आणि तेही थोडे नव्हते. दोन फुप्फुसांमधल्या जागेत पुढच्या बाजूस थायमस ग्रंथीच्या, मध्यभागी लसिकाग्रंथींच्या, तर मागे कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी प्रामुख्याने आढळतात. ठिकाण कळले की जातीचा अदमास बांधता येई.

१९३३ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगग्रस्त फुप्फुस संपूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. गाठ वेळेवर दिसण्याला आता निराळेच मोल आले. दैवगती अशी, की १९५७ साली ग्रॅहम स्वतः फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. त्यांचा तो रुग्ण मात्र त्यांच्यामागेही हयात होता.

सावल्यांचा गुंता सोडवला तो सीटी स्कॅनने. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. पुढे त्याच तत्त्वाने छातीचेही काप दिसू लागले. १९७९ चे नोबेल त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले. धूम्रपानामुळे अधिक धोका असलेल्यांची कमी किरणमात्रेच्या सीटीने तपासणी केल्यास, साध्या क्ष-किरण तपासणीच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटतात, हे अमेरिकेतील त्रेपन्न हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीतून २०११ साली सिद्ध झाले.

आपल्या देशात क्षयाचे सावट मोठे. त्यामुळे छातीत सावली दिसली की मन प्रथम तिकडेच धावते. आमच्या थोरल्या बंधूंना कित्येक महिने क्षयाचीच औषधे चालू होती. सीटी झाला, सुईने काढलेला तुकडा तपासला गेला, आणि खरे निदान हाती आले, तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आज दोष कोणाला द्यावा, असे वाटत नाही. चित्र सावली दाखवते. तिचे नाव बहुधा तुकड्याच्या तपासणीनेच निश्चित होते. औषधाने सावली हटत नसेल, तर पुन्हा विचारायला संकोचू नये. एवढे सांगण्यासाठीच हा इतिहास आठवला.