टेपवरचा म्हैसूरचा दसरा

म्हैसूरच्या दसऱ्याची जंबो सवारी अनेकांनी घरच्या कॅमकॉर्डरवर टिपली. तेव्हा फॉरमॅट कोणता घ्यावा? मी १९९५ साली आलेल्या डीव्हीच्या बाजूने आहे. त्यात सेकंदाच्या पंचवीसही फ्रेम स्वतंत्र साठतात, त्यामुळे एडिटिंगमध्ये कुठेही कात्री लावता येते. तासाला सुमारे १३ जीबी जागा मात्र लागते. २००६ मध्ये जाहीर झालेल्या एव्हीसीएचडीने जागा वाचवली, पण बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर अवलंबून ठेवल्या. जुने संगणक तिथे धापा टाकत.

आज प्रश्न निवडीचा नाही, वाचवण्याचा आहे. नव्या संगणकांत फायरवायर पोर्ट नसतो. कॅमेरा चालतो आहे तोवर कॅसेट्स संगणकावर उतरवून घ्या. अंबारी दरवर्षी निघते. गर्दीत उभी असलेली तेव्हाची आजी मात्र त्या टेपवरच आहे.