कागदी सैनिक : मुद्रित पत्रकापासून युद्धखेळाच्या पटापर्यंत

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना कागदपत्रे, शिलालेख, नाणी, वास्तू, चित्रे यांचा विचार आवर्जून केला जातो. खेळण्यांना मात्र या यादीत क्वचितच स्थान मिळते, आणि कागदाच्या खेळण्यांना तर मुळीच नाही. धातूचे किंवा मातीचे खेळणे उत्खननात सापडते, संग्रहालयात टिकते. कागदाचे खेळणे वापरता वापरता फाटते, भिजते आणि केरात जाते. असे असूनही अठराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात कागदी सैनिकांची एक अखंड परंपरा दिसते. आजच्या टेबलावरील युद्धखेळांसाठी तयार होणाऱ्या कागदी प्रतिमा हे या परंपरेचेच पुढचे रूप होय. प्रस्तुत लेखात या परंपरेचा आढावा घेऊन दोन प्रश्नांचा विचार केला आहे. कागदी सैनिकाची रचना कोणत्या कारणांनी बदलत गेली, हा पहिला प्रश्न. आणि इतिहासाचे साधन म्हणून त्याच्यावर कितपत विसंबता येते, हा दुसरा.

स्ट्रासबूर्ग : छावणीचे शहर आणि छपाईचे शहर

कागदी सैनिकांचे माहेरघर म्हणून आल्सेस प्रांतातील स्ट्रासबूर्ग शहराचे नाव घेतले जाते. ही गोष्ट योगायोगाची नाही. १६८१ मध्ये हे शहर फ्रान्सच्या ताब्यात आले आणि ऱ्हाइन नदीच्या सीमेवरील मोठे लष्करी ठाणे बनले. पलटणींची ये-जा, कवायती आणि संचलने हा नागरिकांच्या नित्य पाहण्यातला भाग होता. दुसरीकडे, मुद्रणाची परंपरा या शहरात पंधराव्या शतकापासूनच रुजलेली होती. सैन्य पाहणारा डोळा आणि ते छापणारा हात अशा प्रकारे एकाच शहरात एकत्र आले.

१७४४ मध्ये राजा पंधरावा लुई स्ट्रासबूर्गला आला, त्या प्रसंगी सैनिकांच्या चित्रांची पत्रके प्रथम छापली गेली, असे परंपरा सांगते. या पत्रकांचे स्वरूप साधे होते. एकाच कागदावर एकाच पलटणीचे सैनिक ओळीने छापलेले असत. विकत घेणारा ते रंगवी, खळीने पुठ्ठ्यावर चिकटवी, कात्रीने कापी आणि लाकडाच्या लहान बैठकीवर उभे करी. पत्रकांवर पत्रके जमवीत गेले की पलटणीची पलटण उभी राही. धातूच्या सैनिकांचा संच परवडणे ज्या घरांना शक्य नव्हते, त्या घरांतही असे सैन्य उभे राहू शकत असे.

बेंजामिन झिक्स (१७७२–१८११) यांच्यासारख्या, पुढे नेपोलियनच्या मोहिमांची चित्रे काढणाऱ्या, कलावंताचे नावही या शहराच्या कागदी सैनिकांशी जोडलेले आहे. एकोणिसाव्या शतकात मुद्रक गुस्ताव्ह सिल्बरमान यांनी १८४५ च्या सुमारास तैलरंगांत छपाई करण्याची पद्धत या पत्रकांसाठी वापरली. पूर्वी रंगकाम हाताने होई आणि एकाच पलटणीच्या दोन पत्रकांतील छटा सारख्या निघतीलच याची खात्री नसे. रंगीत छपाईमुळे गणवेशाचा रंग ही मुद्रकाच्या जबाबदारीची बाब झाली. हा बदल तांत्रिक वाटला तरी साधनचिकित्सेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे.

एपिनाल : ठसा, स्टेन्सिल आणि राजकारण

लोरेन प्रांतातील एपिनाल येथे झाँ-शार्ल पेलेरँ यांनी १७९६ मध्ये चित्रछपाईचा कारखाना स्थापन केला. देवदेवता, नीतिकथा, खेळाचे पत्ते यांबरोबर सैनिकांची पत्रकेही तेथे मोठ्या प्रमाणावर छापली जात. लाकडी ठशाने काळी रेषा उमटवायची आणि कापलेल्या स्टेन्सिलवरून एकेक रंग फिरवायचा, ही येथील पद्धत. प्रत्येक रंगासाठी वेगळी स्टेन्सिल लागे, त्यामुळे रंगांची संख्या कमी ठेवणे कारखान्याच्या हिताचे असे. एपिनालच्या चित्रांतील ठळक लाल, निळा आणि पिवळा हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. त्यामागे उत्पादनखर्चाचे गणित होते.

फेरीवाले ही पत्रके खेड्यापाड्यांत विकत. १८३० च्या आसपास फ्रांस्वा जॉर्जँ या ठसेकाराने नेपोलियनच्या लढायांची मोठी चित्रे याच कारखान्यासाठी कोरली आणि नेपोलियनची लोकमानसातील प्रतिमा दृढ करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. कागदी सैनिक याच बाजारात, याच गिऱ्हाइकांकडे जात होते. म्हणून त्यांच्याकडे निव्वळ लष्करी माहिती म्हणून पाहता येत नाही. पराभूत साम्राज्याची आठवण घरोघरी जपण्याचे तेही एक माध्यम होते.

युद्धखेळाचा वेगळा प्रवाह

कागदी सैनिकांचा हा इतिहास खेळण्याचा आहे, नियमबद्ध खेळाचा नव्हे. नियमबद्ध युद्धखेळाचा प्रवाह वेगळ्या उगमातून आला आणि त्या उगमाचा धागा भारतापर्यंत पोचतो. चतुरंग हा भारतीय खेळ पर्शिया आणि अरब देशांमार्गे युरोपात जाऊन बुद्धिबळाच्या रूपाने स्थिरावला. ब्रन्सविक येथील योहान ख्रिश्चन लुडविग हेल्विग यांनी १७८० मध्ये याच बुद्धिबळाचा विस्तार करून एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात घरांची संख्या वाढवली होती आणि भूप्रदेशाचे प्रकार निरनिराळ्या रंगांनी दाखवले होते. प्रशियात फॉन राइसविट्झ पितापुत्रांनी या कल्पनेला वेगळे वळण दिले. पित्याने १८१२ मध्ये राजासमोर मांडलेला खेळ चौकोनी घरांतून मुक्त होता. पुत्राने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेले नियम प्रत्यक्ष नकाशांवर खेळण्यासाठी होते आणि प्रशियाच्या सैन्याने ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या खेळात सैनिकाची प्रतिमा नव्हती. लाल आणि निळ्या रंगांचे लहान ठोकळे पलटणींचे प्रतिनिधित्व करीत. अधिकाऱ्याला गणवेश नव्हे, तर अंतर, वेळ आणि हानी यांचा हिशेब शिकायचा होता. एकीकडे नियम नसलेल्या प्रतिमा आणि दुसरीकडे प्रतिमा नसलेले नियम, असे हे दोन प्रवाह जवळजवळ शतकभर समांतर वाहत राहिले.

त्यांना एकत्र आणण्याचे काम लेखकांनी केले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१–८२ च्या हिवाळ्यात दाव्होस येथे सावत्र मुलगा लॉइड ऑसबोर्न याच्यासह खेळण्यातल्या सैनिकांचे सविस्तर युद्ध मांडले होते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध करून अशा खेळाचे सुटसुटीत नियम सर्वांसाठी खुले केले. ब्रिटनमध्ये पोकळ शिशाचे सैनिक १८९३ पासून तुलनेने स्वस्तात मिळू लागले होते, त्यामुळे हे शक्य झाले. परिणामी टेबलावरील युद्धखेळ धातूच्या प्रतिमांशी जोडला गेला आणि कागद काही काळ मागे पडला.

कागदाचे पुनरागमन

कागद पुन्हा पुढे आला तो प्रामुख्याने खर्चामुळे. युद्धखेळात शेकडो प्रतिमा लागतात. प्रत्येक विकत घेऊन रंगवायची म्हटले तर पैसा आणि वेळ दोन्ही पुरत नाहीत. अमेरिकेत १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आल्यानंतर खेळाडूंचा वर्ग वाढला आणि त्यात विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. १९८० मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्स या संस्थेने ‘कार्डबोर्ड हीरोज’ या नावाने छापील पुठ्ठ्याच्या प्रतिमा बाजारात आणल्या. डेनिस लूबे यांनी चितारलेल्या या प्रतिमांत समोरची बाजू, मागची बाजू आणि तळ एकाच पट्टीवर छापलेले असत. पट्टी दुमडली की प्रतिमा स्वतःच उभी राही.

घरोघरी संगणक आणि रंगीत मुद्रणयंत्र आल्यावर आणखी एक बदल घडला. विक्रेता कागद विकण्याऐवजी रेखाटन विकू लागला आणि छपाई खेळाडूच्या घरी होऊ लागली. एकदा घेतलेल्या रेखाटनातून हवे तेवढे सैनिक निघू लागले. ब्रिटिश चित्रकार पीटर डेनिस यांच्या, हेलियन या प्रकाशनसंस्थेने २०१६ पासून काढलेल्या पुस्तकांत हेच तत्त्व दिसते. इंग्लंडचे यादवी युद्ध, रोमन स्वारी अशा विषयांवरील या पुस्तकांत सैनिकांच्या रांगा पुढून आणि मागून रेखाटलेल्या असून त्यांच्या प्रती काढून सैन्य उभे करावे अशीच योजना आहे.

रचनेचा प्रश्न : सैनिकाची पाठ

कागदी सैनिक घडवण्याचे तंत्र वरवर सोपे दिसते. जाड कागदावर पुढची आणि मागची आकृती एकमेकींची आरशातील प्रतिमा ठरेल अशी छापायची, दुमडरेषेवर बोथट पात्याने चर पाडायची, घडी घालून चिकटवायचे, कापायचे आणि बैठकीवर बसवायचे. कापताना पांढरी कड उरू नये म्हणून रंग बाह्यरेषेपलीकडे थोडा वाढवतात किंवा कड नंतर गडद रंगाने पुसून घेतात. भाला, निशाणाची काठी, संगीन असे बारीक भाग कागदात टिकत नाहीत. म्हणून चित्रकार ते अंगालगत आणतो किंवा मधली जागा पार्श्वभूमीच्या रंगाने भरतो. अर्थात सैनिकाने शस्त्र कसे धरले आहे हे काही वेळा इतिहासावरून नव्हे, तर कात्रीच्या सोयीवरून ठरते.

याहून महत्त्वाचा मुद्दा पाठीचा आहे. चित्र, पुतळा किंवा संचलन पाहणारा सैनिकाला समोरून पाहतो. युद्धखेळात मात्र खेळाडू आपल्या सैन्याच्या मागे बसतो आणि सबंध खेळभर त्याला स्वतःच्या सैनिकांची पाठच दिसत असते. त्यामुळे पाठपिशवी कशी बांधली होती, पट्टे कोठे एकमेकांना छेदत होते, कोटाचे पल्ले कसे दुमडले होते, याची माहिती रेखाटनकाराला मिळवावीच लागते. समकालीन चित्रे याबाबत अनेकदा मौन पाळतात. अशा ठिकाणी रेखाटनकार अवशिष्ट वस्त्रे आणि लष्करी नियमावल्या यांचा आधार घेतो किंवा अनुमान करतो. कोरी जागा सोडण्याची मुभा त्याला नसते. लेखक ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहू शकतो. सैनिकाची पाठ मात्र कोणत्या तरी रंगाने रंगवावीच लागते.

साधन म्हणून मूल्य आणि मर्यादा

स्ट्रासबूर्गच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. तेथील काही नागरिकांनी छापील पत्रकांवर न थांबता हाताने सैनिक रंगवून प्रचंड संग्रह उभे केले. कार्ल, बोर्श, वुर्त्स या नावांनी ओळखले जाणारे संग्रह गणवेशांच्या अभ्यासकांनी नेपोलियनकालीन सैन्याचे साधन म्हणून वापरले आहेत. त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. १८१२ च्या नियमावलीसारखे अधिकृत दस्तऐवज सैनिकाने काय घालावे ते सांगतात. प्रत्यक्षात काय घातले जाई ते सांगत नाहीत. ढोलवादक, वाद्यपथक आणि सफरमैना यांच्या पोशाखात पलटणीचे प्रमुख आपल्या हौसेने मोठे फेरफार करीत. रस्त्यावरून जाणारी पलटण पाहून रंगवलेला सैनिक असे फेरफार नोंदवू शकतो.

परंतु या नोंदीला तारीख नसते. सैनिक प्रत्यक्ष पाहून रंगवला, जुन्या संग्रहावरून उतरवला की ऐकीव माहितीवर बेतला, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. नकलेवरून नक्कल होत गेली की मूळ चूकही प्रमाण ठरते. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना बखरींच्या संदर्भात हा प्रश्न परिचित आहे. बखर त्याज्य नसते, पण ती केव्हा, कोणासाठी आणि कशावरून लिहिली हे ठरवल्यावाचून तिची साक्ष स्वीकारता येत नाही. कागदी सैनिकालाही हीच कसोटी लावावी लागते.

दुसरी बाब स्मृतीची आहे. १८७० च्या वेढ्यात स्ट्रासबूर्ग तोफांच्या माऱ्यात होरपळले. २४ ऑगस्टच्या रात्री तेथील ग्रंथालय आणि त्यातील दुर्मिळ हस्तलिखिते जळून गेली. १८७१ मध्ये शहर जर्मन साम्राज्यात गेले आणि १९१८ पर्यंत तेथेच राहिले. अशा शहरात फ्रेंच पलटणींचे कागदी सैनिक जपणे हा केवळ छंद उरत नाही. हे सैनिक १८०५ किंवा १८१२ विषयी जेवढे सांगतात, त्याहून कदाचित अधिक १८७१ नंतरच्या आल्सेसविषयी सांगतात. आज यांपैकी मोठा साठा स्ट्रासबूर्गच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. ज्या शहराच्या ग्रंथालयातील हस्तलिखिते राख झाली, तेथे मुलांच्या खेळण्यातला कागद टिकून राहिला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कागदी सैनिकाचे रूप ठरवण्यात लष्करी वास्तवाइतकाच मुद्रणतंत्राचा, खर्चाचा आणि कापण्याच्या सोयीचा वाटा आहे.

२. प्रतिमा आणि नियम हे दोन प्रवाह स्वतंत्रपणे वाढले. ते एकत्र आल्यावर सैनिकाची मागची बाजू महत्त्वाची ठरली आणि रेखाटनकाराला संशोधकाची भूमिका घ्यावी लागली.

३. साधन म्हणून कागदी सैनिक उपयुक्त आहे, पण ज्या काळाचे चित्र तो दाखवतो त्या काळाइतकीच ज्या काळात तो घडला त्या काळाचीही साक्ष तो देत असतो.

४. आजचे कागदी सैनिक संगणकीय रेखाटनांच्या रूपात असतात. त्यांची छापील प्रत खेळून झाल्यावर टाकून दिली जाते. स्ट्रासबूर्गचे सैनिक टिकले ते कोणीतरी ते पेटीत जपून ठेवले म्हणून. आजच्या रेखाटनांबाबत तशी काळजी घेतली गेली नाही, तर उद्याच्या अभ्यासकाला अठराव्या शतकातील कागद हाती लागेल, पण एकविसाव्या शतकातील नव्हे. ग्रंथालये आणि संग्रहालये यांनी या क्षणभंगुर साहित्याकडे वेळीच लक्ष देणे म्हणूनच आवश्यक आहे.