चूल नसलेले घर

भुईमुगाचे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून रोपाला पुरवतात, हे गुरुजी वर्गात सांगतातच. पण समुद्रात हे काम कोण करतं?

१९९८ साली अमेरिकेतील जोनाथन झेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पॅसिफिक महासागराच्या पाण्यात नायट्रोजन धरणाऱ्या एका अनोळखी जीवाणूचे जनुक सापडले. जीवाणू मात्र वाढवू म्हटलं तर वाढेना. २०१० मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे आनुवंशिक माहितीचा सगळा संच, वाचून झाला. अवघ्या १४ लाखांच्या आसपास अक्षरांचा! गंमत अशी की, हा सूर्यप्रकाशावर अन्न करणाऱ्यांच्या कुळातला. पण कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवण्याची जनुकेच त्याच्यापाशी नाहीत. ज्या घरी चूल नाही, तिथे जेवण शेजारून येत असणार. २०१२ मध्ये तो शेजारी सापडला. एक सूक्ष्म शैवाल.

इकडे जपानात क्योको हागिनो या बाई दहा वर्षांहून अधिक काळ हेच शैवाल प्रयोगशाळेत वाढवण्याच्या खटपटीत होत्या. पाण्याचे नमुने आणायला तीनशेवर खेपा झाल्या! माझ्या मते या कथेतले खरे श्रम हेच. ते शैवाल हाती आलं, म्हणून २०२४ मध्ये उलगडलं की, शैवालाची पेशी दुभंगते तेव्हा हा पाहुणाही तिच्याबरोबर दुभंगतो, आणि त्याची कित्येक प्रथिने यजमानच बनवून देतो. म्हणून संशोधकांनी त्याला पेशीचा अवयवच मानून नाव दिले, नायट्रोप्लास्ट. भुईमुगाच्या गाठीतला जीवाणू मात्र अजून मातीत वेगळा जगू शकतो.