तळटीप १४ : इराणी वस्ती आणि सिद्दींची धमाल
१४. आंबिवली हे कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळ्याच्या मधले स्थानक. इथल्या इराणी वस्तीचे मूळ इराणात. लेखकाने वर्णिलेली धमाल, म्हणजे तो नाच, मात्र आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची. मलिक अंबर (मृ. १६२६) आणि जंजिरा यांमुळे मराठी वाचकाला सिद्दी ठाऊक असतो तो तलवारीसह, वाद्यांसह क्वचितच. गुजरातेतल्या सिद्दींनी बोली गुजराती केली, पण मलुंगा सोडला नाही : धनुष्यासारखी दांडी, तिला बांधलेला भोपळा, एकच तार आणि तिच्यावर काडीचा आघात. भरूच जिल्ह्यात रतनपूरला त्यांचे पीर बावा गोर यांचा दर्गा आहे. धमालीत नाचणारा नारळ उंच उडवतो आणि तो डोक्यावर आपटून फुटतो. रंगमंचावर ही कसरत वाटते; मुळात ती पिराची सेवा आहे. — संपा.