धाब्याचं गणित

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकतो, धुळंही फार मागं राहत नाही. अशा उन्हात उघड्यावरची वस्तू किती तापेल? आलेल्या उष्णतेतून गेलेली वजा केली की झालं, असं वाटतं. पण जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब माणसाला फार उशिरा लागला. न्यूटननं थंड होण्याचा नियम १७०१ मध्ये मांडला, तर स्टेफानचा प्रारणाचा नियम थेट १८७९ चा.

आमच्या मते यातला कळीचा माणूस जोसेफ फूरिये. हा १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेला, म्हणजे ऊन खाल्लेला गृहस्थ! १८२२ च्या ग्रंथात त्यानं पदार्थातून उष्णता कशी वाहते याचं गणित मांडलं. वर रोज चढणारं-उतरणारं तापमान आत शिरताना क्षीण होतं, आणि उशिरा पोचतं.

हे आपण आपल्या खानदेशी धाब्याला लावून पाहू. खाली लाकूड, त्यावर मातीचा थर, वर खारी माती. थर एक फुटाचा धरा. वरची उष्णता खाली यायला नऊ-दहा तास लागतात, आणि चढउतार उरतो जेमतेम बारावा हिस्सा. दुपारी दोनचं ऊन घरात उतरतं मध्यरात्री. तेव्हा घरात असतं कोण? सगळे गोधड्या घेऊन धाब्यावर, उघड्या आभाळाखाली! याला ज्ञान म्हणावं की सवय, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाले तासभर भांडू; ते असो.

चार इंची स्लॅबला हाच उशीर अडीच तासांचा. पत्र्याला जवळजवळ नाहीच. पत्र्यानं चौरस मीटरमागं ६०० वॅट शोषले, आणि हवेपेक्षा जितके अंश वर तितके वीस-वीस वॅट गमावले, असं धरा. तो हवेच्या ३० अंश वर जाऊन थांबेल. हवा ४४, तर पत्रा ७४.

धाबं गळायचं, वाळवी लागायची, दर पावसाळ्याआधी खारी माती वाहून बायांची कंबर मोडायची. लोकांनी ते सोडलं यात त्यांचं चुकलं, असं आम्ही म्हणणार नाही. पण सोडताना त्या दहा तासांचा हिशेब कुणी केला नाही. आज दुपारी दोनला पत्र्याखाली असतात म्हातारी माणसं, नाहीतर बाळंतीण आणि तिचं तान्हं. त्यांनी कुठं जायचं?