जुळेवियोग, जन्मपूर्व

जुळ्यांपैकी एकाचा गर्भाशयातच मृत्यू होऊन दुसरे जन्माला आल्यास त्या मुलावर व आईवडिलांवर होणारे मानसिक परिणाम. घरात ही गोष्ट बहुधा ‘एक तरी पदरात पडलं ना’ एवढ्यावर मिटवली जाते.

पहिल्या तिमाहीत एक गर्भ विरून जातो तेव्हा पुष्कळदा त्याची खूणही उरत नाही. सोनोग्राफी येण्यापूर्वी ही घटना क्वचितच कळे. मृत्यू पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर झाला, तर मात्र एकाची हालचाल आणि दुसऱ्याची निश्चलता आईला प्रसूतीपर्यंत सोबतच वाहावी लागते. जुळ्यांची वार एकच असेल, तर एकाच्या मृत्यूने दुसऱ्याचा रक्तदाब एकाएकी घसरून मेंदूला इजा होऊ शकते. अशा मुलाच्या पुढच्या अडचणी वियोगदुःखाच्या खात्यात टाकणे चूक ठरेल.

वाचलेल्या जुळ्याला गर्भातला सोबती आठवतो का? पादुआ विद्यापीठाच्या उंबेर्तो कास्तिएल्लो यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये जुळ्यांच्या पाच जोड्यांचे चित्रण प्रसिद्ध केले. चौदाव्या आठवड्यापासूनच गर्भ एकमेकांकडे हात नेत होते. पण स्पर्श म्हणजे स्मृती नव्हे. दुसऱ्या वर्षातले प्रसंगही मोठेपणी कोणाला सहसा आठवत नाहीत. या संदर्भात इटालियन मनोविकारतज्ज्ञ आलेस्सांद्रा पिओन्तेल्ली यांनी वर्णिलेला दीड वर्षाचा मुलगा नेहमी पुढे केला जातो. तो खोलीभर काहीतरी शोधत फिरे, वस्तू हलवून पाही. हरवलेले काही शोधतो आहे असे दिसते, असे त्या म्हणाल्या. तेव्हा जन्माआधी दोन आठवडे त्याचे जुळे भावंड गेल्याचे आईवडिलांनी सांगितले. म्हणजे घराला ते दुःख ठाऊक होतेच. मुलाने ते गर्भातून आणले की आईच्या चेहऱ्यावरून उचलले, हे या प्रकरणातून ठरत नाही. दुसरा तर्क अधिक साधा आहे.

खरे ओझे पालकांवर पडते. मनोविश्लेषक इमॅन्युएल लुईस आणि बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ ब्रायन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८८ मध्ये या दुःखाकडे लक्ष वेधले. एकाच खाटेवर सोहेर आणि सुतक. बाळाला छातीशी धरताना रडणे परवडत नाही, म्हणून शोक लांबतो. काही आया वाचलेल्या बाळाला जवळ घ्यायला बिचकतात, काही त्याला क्षणभरही नजरेआड करत नाहीत. दर वाढदिवशी दुसरे आठवते.

मुलाच्या वाट्याला येते ती या घराने सांगितलेली, किंवा दडवलेली, गोष्ट. ‘माझ्यामुळे त्याला जागा कमी पडली’ ही अपराधी भावना आणि अर्धेपणाची जाणीव त्यातून येते. शिवाय गेलेले भावंड कधी चुकत नाही, कधी नापास होत नाही; त्याच्याशी स्पर्धा जिंकता येत नाही. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली याचा जुळा भाऊ जेसी ८ जानेवारी १९३५ रोजी टुपेलो येथे मृतावस्थेत जन्मला. एक जुळे गेले की त्याचे बळ दुसऱ्याला मिळते, असे आई एल्विसला सांगे, असे म्हणतात. त्याच घटनेतून एका घरात बळ निघाले, दुसऱ्यात दोष निघू शकला असता.

बाळाला नाव देणे, पालकांची इच्छा असल्यास त्याला पाहू देणे, छायाचित्र ठेवणे आणि मुलाला लहानपणीच साध्या शब्दांत सांगणे, असा सल्ला आता दिला जातो. काही देशांतील रुग्णालये वाचलेल्या बाळाच्या पाळण्यावर जांभळे फुलपाखरू लावतात. ‘जुळं नाही ते बरं, दमछाक झाली असती’ असे कोणी सहज बोलून जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू.